जलचराला पाय फुटतात

कोणाला आयुष्यात बढती मिळते, कोणाला वारसाहक्काने जमीन मिळते. मला एक शब्द मिळाला. ‘जलचर’.

मी शब्दकोशाच्या कचेरीत सहायक संपादक आहे. सहायक संपादक हे ऐकायला बरं वाटतं, लग्नाच्या वेळी सासरच्यांनाही बरं वाटलं होतं. प्रत्यक्षात दुसऱ्यांनी लिहिलेल्या अर्थांमधले स्वल्पविराम जागच्या जागी आहेत की नाहीत ते मी पाहतो. ‘ज’च्या खंडाचा पहिला भाग छापायला जायची वेळ आली तेव्हा आमचे विज्ञानाचे संपादक गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घरी पाय वर करून बसले होते. त्यांचे राहिलेले शब्द वाटले गेले. एकाने ‘जठर’ उचललं, एकाने ‘जंतू’. मी चहा सांगायला खाली गेलो होतो, परत आलो तर टेबलावर ‘जलचर’ एकटाच पडला होता. तरीही मला आनंद झाला. अख्खा शब्द, अर्थासकट, माझा. कोशात त्याच्या खाली माझी आद्याक्षरं छापली जाणार होती.

आमच्या कचेरीची एक रीत आहे. मुख्य संपादकांना आम्ही मोठे सर म्हणतो, आणि मोठ्या सरांचा दंडक असा की, पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. जुन्या कोशांतून अर्थ उचलायचा नाही, डोळ्यांनी वस्तू पाहायची आणि मग लेखणी उचलायची. ‘घ’च्या खंडाच्या वेळी ते स्वतः या वयात बागेतल्या घसरगुंडीवर बसले होते आणि बागेच्या राखणदाराने त्यांना दंडाला धरून खाली उतरवलं होतं. पण त्या शब्दाचा अर्थ आजही वाचण्यासारखा आहे. ‘उतरणाऱ्याचा वेग त्याच्या इच्छेवर अवलंबून नसतो’ हे वाक्य अनुभवाशिवाय सुचणारं नाही.

मी मात्र घाई केली. ‘जलचर : पाण्यात राहणारा प्राणी’ असं लिहून दुपारच्या आत सरांपुढे ठेवलं.

“पाण्यात राहणारा,” सर म्हणाले. “म्हैस दुपारभर पाण्यात असते.”

“संध्याकाळी घरी जाते ती, सर.”

“आणि बदक?”

“ते पाण्यावर असतं.”

“वर म्हणजे बाहेर का?”

मी कागदाकडे पाहिलं. अशा वेळी माझा चेहरा फार अभ्यासू दिसतो असं बायको म्हणते.

“तुम्ही जिवंत जलचर नीट पाहिलाय का कधी?” सरांनी विचारलं. मला जे जे आठवलं ते सगळं ताटातलं होतं. “मग पाहा आधी,” असं म्हणून त्यांनी कागद परत केला.

अशा रीतीने मी काचेची टाकी विकत घ्यायला गेलो. दुकानदाराने छोटी टाकी दाखवायला नकार दिला. छोट्या टाकीत मासे उदास होतात म्हणाला. मोठी टाकी आमच्या जिन्यात वळणावर अडकली आणि बराच वेळ ना वर जाईना ना खाली येईना. मी वरच्या बाजूला, हमाल खालच्या बाजूला, आणि मध्ये आमच्या समोरच्या दारात राहणारे काका. काका विमा कंपनीतून निवृत्त झालेले आहेत. जगातल्या प्रत्येक गोष्टीत काय धोका आहे हे त्यांना तोंडपाठ आहे, आणि ते धोका घडायच्या आत सांगत नाहीत, घडत असताना सांगतात.

“तिरपी करा,” काका म्हणाले. आम्ही तिरपी केली. “तिरपी केली की सांधे सैल होतात,” काका म्हणाले.

टाकी घरात आली, पण ठेवायची कुठे? बाहेरच्या खोलीत टाकी ठेवली तर माणसांनी उभं राहायचं. उरली ती खिडकीजवळची आतली खोली, आणि त्या खोलीत होत्या माझ्या सासूबाई.

सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. नुकत्याच निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्या होत्या. निवृत्त झाल्या होत्या म्हणजे शाळेने त्यांना सोडलं होतं, त्यांनी शाळेला सोडलं नव्हतं. सकाळी ठरल्या वेळी तयार होऊन, केस घट्ट बांधून, त्या खुर्चीत बसत आणि दिवसभर समोरच्या भिंतीकडे असं पाहत की भिंतीनेच काहीतरी कबूल करावं. मला त्यांची भीती वाटायची. आमचं संभाषण “जेवण झालं का, आई?” आणि “झालं” एवढ्यावर थांबायचं. टाकी घेऊन मी दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“उजेड डावीकडून आला पाहिजे,” त्या म्हणाल्या. एवढीच त्यांची अट होती.

मग पाण्याचं प्रकरण सुरू झालं. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते उडून जायला पाणी नुसतं ठेवून द्यावं लागतं, हे काकांनी टाकी भरल्यावर सांगितलं. आम्ही टाकी उपसली. घरातली यच्चयावत पातेली, बादल्या, डबे, इस्त्रीवाल्याकडे न्यायचं टोपलंसुद्धा (ते गळलं) पाण्याने भरून जिथे जागा मिळेल तिथे ठेवली. स्वयंपाकघरातून न्हाणीघरात जायचं तर पाय जपून टाकावे लागत. बायकोने त्यातल्याच एका पातेल्यातल्या पाण्याचा चहा केला, आणि तो पाहुण्यांना आवडला. तेव्हापासून तिचा या प्रकल्पावरचा राग थोडा वाढला, कारण तो चहा तिला पुन्हा जमेना.

दुकानातून आणलेल्या माशांनी आमच्याकडे फार काळ काढला नाही. काका म्हणाले, मीठ घाला, मिठाने रोग होत नाहीत. मीठ घातलं. रोग झाले नाहीत हे खरं. उरलेले दोन मासे मी दुकानदाराला परत नेऊन दिले, तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी दुकानातून उलट्या पावलांनी बाहेर पडलो.

आता टाकीत नुसतं पाणी. मोठे सर रोज विचारत, “पाहिलंत का?” म्हणून मी मैदानाच्या पलीकडच्या तळ्यावर गेलो आणि बरणीभर पाणी आणि थोडं शेवाळ घेऊन आलो. त्या शेवाळाला एक बुळबुळीत गोळा चिकटलेला होता. आत काळे ठिपके. बायको म्हणाली, हा साबण आहे. काका म्हणाले, हा कारखान्यातून सोडलेला पदार्थ आहे आणि याचा विमा कोणीही उतरवणार नाही. सासूबाई काही म्हणाल्या नाहीत. गोळा टाकीत पडला, काही दिवसांनी ठिपके हलू लागले, आणि एका सकाळी टाकीभर इवलेइवले काळे जीव फिरायला लागले. डोकं मोठं, शेपटी बारीक. मी हर्षभरित होऊन बायकोला हाक मारली. “मासे झाले!”

वाचकांपैकी जे हसले असतील त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी आपली शेवटची परीक्षा किती वर्षांपूर्वी दिली ते आठवावं. मी भाषेचा माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर सासूबाई टाकीसमोर खुर्ची ओढून बसलेल्या. हातात छडी नव्हती एवढंच. “जावईबापू,” त्या म्हणाल्या, “तुमची तुकडी दंगा करते. खिडकीकडचे दोघे इतरांचं खातात. मी त्यांना वेगळं बसवलंय.” खरोखर त्यांनी मध्ये काचेचा तुकडा उभा केला होता.

मग ती रीतच झाली. मी दिवसभर कचेरीत, त्या दिवसभर टाकीसमोर. मी आलो की एक स्टूल ओढायचं आणि त्यांच्याशेजारी बसायचं. त्या दिवसभराचा वृत्तांत द्यायच्या. कोण काचेला चिकटलं, कोण उकडलेला पालक खात नाही, कोण तळाशी जाऊन झोपतं. मग विचारायच्या, “आज काय लिहिलंत?” मी सांगायचो. त्या ऐकायच्या आणि म्हणायच्या, “‘सामान्यतः’ काढा. खात्री नसली की माणूस ‘सामान्यतः’ लिहितो.” इतकी वर्षं मी कोशात काम करतोय, पण मी आज काय लिहिलं हे घरात कोणी विचारलं नव्हतं. मला घरी यायची घाई व्हायला लागली. कचेरीतल्या लोकांना वाटलं माझं काहीतरी बाहेर सुरू आहे.

त्याच सुमाराला जिन्यात सैल झालेले सांधे आपल्या कामाला लागले. आमच्या खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे, आणि डॉक्टरांची खुर्ची बरोबर आमच्या टाकीखाली. एका बाईचं तोंड उघडं, डॉक्टर वाकलेले, आणि वरून थेंब पडला. तो बरोबर तोंडात पडला. बाई म्हणाल्या, आता चूळ भरू का? डॉक्टर म्हणाले, मी पाणी सोडलेलंच नाही. दोघांनी वर पाहिलं, आणि दुसरा थेंब आला.

डॉक्टर रागाने वर आले, पण त्यांची सवय अशी की समोरच्याने बोलायला तोंड उघडलं की ते आत पाहायला लागतात. मी माफी मागत असताना त्यांनी माझ्या अक्कलदाढेबद्दल काळजी व्यक्त केली आणि मग तक्रार केली ती थेट सोसायटीच्या समितीकडे.

समितीचे चिटणीस वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले. दुकानदारांचे तराजू तपासण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे ते कोणाचंही बोलणं ऐकताना मान किंचित एका बाजूला करतात, काटा मध्ये आला की नाही ते पाहिल्यासारखी. सभा त्यांच्याच घरी भरली. काका सभासद नसूनही हजर होते.

“गळतीचं पाहता येईल,” चिटणीस म्हणाले. “सांधे बुजवा. प्रश्न वेगळा आहे. आपला नियम असा की जलचर वगळता कोणताही प्राणी पाळायला परवानगी नाही. तुमच्याकडे आहेत ते जलचर आहेत का?”

“आहेत,” मी म्हणालो.

“नक्की?”

“मी कोशात सध्या त्याच शब्दावर काम करतोय.”

डॉक्टरांनी माझ्याकडे आदराने पाहिलं, आणि तेही माझं तोंड मिटलेलं असताना. इतक्या वर्षांत माझ्या नोकरीचा कोणाला उपयोग झाल्याची ही पहिली वेळ. चिटणीसांनी परवानगी दिली, ‘जलचर असल्याने’ असं कारण देऊन. मी घरी आलो तो जिना दोन-दोन पायऱ्या ओलांडत.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंनी संध्याकाळच्या वृत्तांतात सांगितलं, “आज मागच्या रांगेतल्याला पाय आले.”

“काय आलं?”

“पाय. मागचे दोन. पुढचे येतील सावकाश.”

मी टाकीला नाक लावलं. पाय होते. आखूड, वाकडे, पण पायच. “माशाला पाय?” मी म्हणालो.

“मासा कोण म्हणालं?” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “बेडकाची पिल्लं आहेत ती. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“मुलांना आधी उत्तर सांगायचं नसतं. स्वतः शोधू द्यायचं.”

मी खाली बसलो. समितीपुढे मी छातीठोकपणे सांगून आलो होतो. एक विचार मनात आला की त्या दिवशी ते जलचरच होते, मी खोटं बोललो नव्हतो. शब्द तोच राहिला आणि प्राणी त्यातून हळूहळू बाहेर निघाले, याला मी काय करणार? पण हे चिटणीसांना पटलं असतं असं मला वाटेना. एक किलो म्हणून घेतलेली वस्तू महिन्याभरात आपोआप पाऊण किलो झाली, असं सांगणाऱ्या दुकानदारांना त्यांनी काय केलं असेल ते माहीत होतं.

शेपट्या आखडल्या, पुढचे पाय आले, आणि एके दिवशी टाकीवरचं पुठ्ठ्याचं झाकण ढकलून तुकडी सुट्टीवर निघाली. काही न्हाणीघरात मिळाले. एक बायकोच्या चपलेत बसला होता. तिने पाय घालायच्या आधी पाहिलं म्हणून त्याचा आणि माझा जीव वाचला. दोघे जिना उतरून खाली गेले. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत एक गृहस्थ बसले होते. दात काढायचा म्हणून ते कित्येक महिने येत होते आणि दरवेळी दारातून परत जात होते. त्या दिवशी मोठ्या हिमतीने आत येऊन बसले होते. बेडूक त्यांच्या मांडीवर आला. ते गृहस्थ गेले ते पुन्हा आलेच नाहीत, आणि डॉक्टर म्हणतात, कोणाचाच दात मला इतका काढावासा वाटला नव्हता.

पुन्हा सभा. या वेळी आमच्या घरी, कारण चिटणीसांना पुरावा पाहायचा होता. पुरावा टाकीच्या कडेवर बसून गळा फुगवत होता.

“हा जलचर आहे का?” चिटणीसांनी विचारलं.

“होता,” मी म्हणालो.

“‘होता’ला नियमात जागा नाही. आहे किंवा नाही.” त्यांनी मान तिरपी केली. “तुम्ही कोशवाले. अर्थ तुम्हीच लिहिताय ना? मग कोशात जो अर्थ छापायला जाईल, तोच आम्हाला आणून द्या. आम्ही तो खाली फळ्यावर लावू. त्यात हे बसले तर राहतील, नाही बसले तर जातील. समितीचं काहीही म्हणणं नाही.”

हे फारच न्याय्य होतं, आणि तीच अडचण होती. तेवढ्यात सासूबाई उठल्या. शाळेत प्रार्थना संपल्यावर सूचना देण्यासाठी उठत असतील तशा.

“ही मुलं गेली तर मीही जाईन,” त्या म्हणाल्या. “धाकट्या मुलाकडे. रिकाम्या वर्गात मी बसत नसते.” आणि आपल्या जागी बसल्या.

सभा संपली. बायको स्वयंपाकघरात माझी वाटच पाहत होती. “हे पाहा,” ती म्हणाली, “आई इथे आल्यापासून पहिल्यांदा माणसासारखी बोलायला लागलीय. धाकट्याकडे ते दोघं दिवसभर बाहेर असतात. तिथे ती पुन्हा भिंतीकडे बघत बसेल. तुमच्या एका शब्दाचा अर्थ जरा सैल केलात तर कोणाचं काय जातंय?”

“अगं, कोश आहे तो.”

“का तुम्हाला ती जायलाच हवी आहे?”

यावर मी जे उत्तर द्यायला हवं होतं ते मला वेळेवर सुचलं नाही, आणि अशा प्रश्नाला उशीर झाला की तेच उत्तर धरलं जातं. खरं तर त्या जाव्यात असं मला मुळीच वाटत नव्हतं. संध्याकाळी त्या स्टुलावर बसायला मिळणार नाही या विचाराने मला वाईट वाटत होतं, अगदी साधं सरळ वाईट. पण जावयाने असं सासूसमोर कसं म्हणायचं याची आपल्याकडे सोय नाही.

काकांनी दारातच गाठलं. “एकदम सोपं आहे. शेवटी ‘इत्यादी’ घाला. विम्याच्या कागदात आम्ही नेहमी घालायचो. ‘इत्यादी’मध्ये काहीही बसतं, बेडूक तर किती लहान.”

मी दुसऱ्या दिवशी कचेरीत बसून लिहिलं. ‘जलचर : पाण्यात जन्मणारा किंवा पाण्याशी निकटचा संबंध असणारा प्राणी, इत्यादी.’ छापखान्याचा माणूस बाहेरच्या बाकावर बसून पाय हलवत होता. त्या पहिल्या भागातलं सगळं तयार होतं, माझंच राहिलं होतं. मोठ्या सरांनी कागद घेतला.

“पाण्याशी निकटचा संबंध,” ते म्हणाले. “आमच्या दूधवाल्याचाही आहे.” मग घड्याळाकडे पाहिलं, बाकावरच्या माणसाकडे पाहिलं, आणि एक मोठा श्वास सोडला. “असू दे. वेळ नाही. जाऊ द्या छापायला.” सहीसाठी लेखणी टेकवता टेकवता त्यांनी सवयीने विचारलं, “नीट पाहिलंत ना?”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. सासूबाई राहिल्या असत्या, बेडूक राहिले असते, बायको हसली असती, आणि माझी आद्याक्षरं छापली गेली असती. पण मी खरंच पाहिलं होतं. रोज संध्याकाळी त्या स्टुलावर बसून पाहिलं होतं. पाय फुटल्यावर ते एकेक करून पाण्याबाहेर कसे आले, कोरड्या फरशीवर बसून कसे श्वास घ्यायला लागले, सगळं. आणि मी पाहताना शेजारी कोण बसलं होतं तेही मला माहीत होतं. ‘सामान्यतः’ न चालणारी बाई ‘इत्यादी’ चालवून घेईल का?

“द्या इकडे, सर,” मी म्हणालो आणि कागद त्यांच्या लेखणीखालून ओढला. सहीची एक रेघ त्यावर ओढली गेली होती. टेबलाच्या कोपऱ्यावरच मी नवं लिहिलं. ‘जलचर : जन्मापासून अखेरपर्यंत पाण्यातच राहणारा प्राणी. बेडूक जलचर म्हणून जन्मतो, पण जलचर म्हणून राहत नाही.’

सरांनी ते दोनदा वाचलं. सही केली आणि कागद बाहेर पाठवला. मग ट्रेमधून एक नवी चिठ्ठी काढून माझ्यापुढे सरकवली. “हा घ्या पुढचा. तुम्हीच करा.” मी ती न वाचताच खिशात टाकली. माझं लक्ष घराकडे होतं.

संध्याकाळी समितीसमोर मी अर्थ वाचून दाखवला. चिटणीसांच्या मानेचा काटा पहिल्यांदाच मध्ये आला. “चोख,” ते म्हणाले. “म्हणजे हे जाणार.” बायको उठून आत गेली आणि आतून भांडी आपटल्याचा आवाज यायला लागला.

“पुन्हा वाचा,” सासूबाई म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “एकही शब्द जास्त नाही.” आणि त्या उठून आपली बॅग भरायला लागल्या. त्यांनीही शब्द दिलेला होता.

रविवारी सकाळी आम्ही बेडकांना पातेल्यात घालून, वर ओलं फडकं बांधून तळ्यावर नेलं. काका धोके सांगायला बरोबर होते. सासूबाईंनी फडकं सोडलं आणि कडेला बसून एकेकाला जाताना नीट पाहून घेतलं. एक बराच वेळ पातेल्याच्या काठावर बसून राहिला. “जा,” त्या म्हणाल्या, “शाळा सुटली.” तो गेला. त्यांनी पातेलं विसळून घेतलं आणि आम्ही परत निघालो.

दुपारी टॅक्सी आली. फाटकाशी सगळे जमले होते. बायकोचे डोळे लाल. डॉक्टर दोन रुग्णांच्या मध्ये वेळ काढून आले होते, कारण बेडूक गेले याचा त्यांना आनंद होता आणि सासूबाई चालल्या याचं वाईट वाटत होतं, आणि हे दोन्ही एकाच चेहऱ्यावर दाखवणं अवघड जात होतं. चिटणीस फळ्यावर माझा अर्थ टाचणीने लावत होते, चारही कोपरे सारख्या अंतरावर येतील असा. मी बॅग धरून उभा होतो. काहीतरी म्हणायला हवं होतं. राहा म्हणायला हवं होतं. मी रुमालासाठी खिशात हात घातला आणि हाताला सरांची चिठ्ठी लागली. उघडून वाचली.

“आई,” मी म्हणालो, “मला पुढचा शब्द मिळालाय.”

टॅक्सीच्या दारावरचा त्यांचा हात थांबला. “कुठला?”

“जळू.”

बायको म्हणाली, “अहो, नाही!”

“पाहिल्याशिवाय लिहिता येत नाही,” मी म्हणालो. “आणि मी तर दिवसभर कचेरीत. मला कोणीतरी… म्हणजे तुमच्याशिवाय मला ते जमणार नाही, आई.”

सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग चिटणीसांकडे वळल्या. “तळ्यातली जळू. जन्मापासून अखेरपर्यंत पाण्यातच. तुमच्या नियमात बसते ना?”

चिटणीसांनी मान तिरपी केली. मग स्वतःच लावलेल्या कागदाकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी वर, आपल्या छताच्या दिशेने पाहिलं. “अर्थाप्रमाणे,” चिटणीस अगदी सावकाश म्हणाले, “बसते.”

“टॅक्सी सोडून द्या,” सासूबाईंनी मला सांगितलं, आणि जिना चढायला लागल्या. मी बॅग घेऊन मागे. वळणावर त्या थांबल्या आणि मागे न वळता म्हणाल्या, “या वेळी झाकण घट्ट बसणारं आणा. ही तुकडी व्रात्य असते.”